दोन वाजता की बारा वाजता: मराठी कानाने फ्रेंच शिकताना

ल्योँमध्ये राहायला गेले तेव्हा खोलीच्या मालकीणबाई फोनवर म्हणाल्या, किल्ल्या घ्यायला उद्या 'दऽझर'ला या. मी ऐकलं 'दूझर'. दुसऱ्या दिवशी बरोबर बाराच्या ठोक्याला दोन बॅगा घेऊन हजर झाले आणि बंद दारासमोर जिन्यात दोन तास बसून राहिले. बाई ठरल्याप्रमाणे दोन वाजता आल्या. 'दऽ' म्हणजे दोन, 'दूझ' म्हणजे बारा, 'अर' म्हणजे वाजता. फरक एका स्वराचा. दुपारच्या बाराला फ्रेंच लोक बोलताना सहसा 'मिदी' म्हणतात. एवढं जरी तेव्हा माहीत असतं तरी मी शंका काढली असती. पण माझं फ्रेंच पुस्तकातलं होतं, आणि पुस्तक इंग्रजीतलं.

खरी अडचण तिथेच होती. आपल्यातले बहुतेक जण फ्रेंच शिकतात ते इंग्रजीच्या खांद्यावर बसून. मग इंग्रज माणूस जिथे अडखळतो तिथे आपणही अडखळतो, आणि त्यातल्या निम्म्या जागी आपल्याला अडखळायचं काहीच कारण नसतं. आता मी मराठी प्रौढांना फ्रेंच शिकवते. वर्गात कुणी अडलं की माझा पहिला प्रश्न असतो, 'हेच मराठीत कसं म्हणाल?' दर वेळी उत्तर मिळतंच असं नाही. पण मिळतं तेव्हा पाठांतराचं एक अख्खं पान वाचतं.

एक कबुली आधीच देते. वहीच्या समासात फ्रेंच शब्द देवनागरीत लिहून ठेवू नका, अशी माझ्या वर्गात ताकीद असते. या लेखात ती मीच मोडणार आहे. म्हणून खुणा समजून घ्या. चंद्रबिंदू दिसला की स्वर नाकातून. 'झ' दिसला की 'माझा'मधला झ. 'ज' दिसला की मराठी ज नव्हे, तर श म्हणता म्हणता घसा वाजवल्यावर येतो तो आवाज. गळ्यावर बोट ठेवा, 'शऽऽऽ' म्हणा आणि मध्येच आवाज सुरू करा. बोटाला कंप जाणवला की 'बोँजूर'मधला ज सापडला.

नाकातले स्वर

'आमच्याकडे अनुस्वार आहे की, मग नाकातल्या स्वराचं काय एवढं?' असं पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणतं. पण मराठी अनुस्वार हा बहुधा स्वर नसतोच, तो वेष पालटलेलं व्यंजन असतो. 'अंत' आपण 'अन्त' म्हणतो, 'चंपा' 'चम्पा' आणि 'पंख' 'पङ्ख'. पुढचं अक्षर जिथून निघणार तिथे जीभ किंवा ओठ आधीच जाऊन बसतात. फ्रेंचमध्ये नेमकं हेच करायचं नसतं. जिभेने कुठेही टेकायचं नाही, ओठ मिटायचे नाहीत, हवा मात्र तोंड आणि नाक दोन्हीकडून जाऊ द्यायची.

जुन्या मराठी पुस्तकांत 'नांव', 'तें', 'कांहीं' असं छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते अनुस्वार एके काळी खरोखर नाकातले स्वर होते. प्रमाण उच्चारातून ते गेले, आणि १९६२च्या लेखननियमांनी लिखाणातूनही काढून टाकले. कोकणातल्या बोलींत ते अजून ऐकू येतात. घरात मालवणी किंवा कोकणी बोलणारे विद्यार्थी या धड्यात बाकीच्यांच्या पुढे असतात, आणि ते त्यांना मी सांगेपर्यंत माहीत नसतं. बाकीच्यांनी हिंदीतला 'हाँ' पकडावा. 'हाँऽऽऽ' असं पाच सेकंद धरून ठेवा आणि शेवटी जीभ कुठे आहे ते तपासा. दातांना लागली असेल तर तुम्ही 'हान' म्हणालात. मागे टाळूला चिकटली असेल तर 'हाङ्'. तोंडात खाली निवांत पडून असेल तर जमलं.

आता 'बोँ पँ' म्हणा, म्हणजे चांगला पाव. दहातले आठ जण 'बोम् पँ' म्हणतात, कारण पुढे प आहे आणि 'चंपा'ची सवय हाडात मुरलेली आहे. आरशासमोर उभं राहा. 'बोँ' म्हणा, थांबा, ओठ उघडे आहेत ना ते पाहा, मग 'पँ'. मधली थांबण्याची वेळ हळूहळू कमी करत न्या. मी हा सराव एकेकाकडून पाच-पाच मिनिटं करून घेते आणि सगळे कंटाळतात. पण तो एकदा बसला की पुन्हा करावा लागत नाही.

सगळे नाकस्वर एका दमात म्हणायचे असतील तर फ्रेंच शिक्षकांचं ठरलेलं वाक्य आहे: 'अँ बोँ व्हँ ब्लाँ', एक चांगली पांढरी वाइन. पुस्तकात यात चार वेगळे स्वर मोजलेले असतात. पॅरिसमध्ये पहिला आणि तिसरा आता एकच झाला आहे, तेव्हा तीन जमले तरी चालतील.

हा हट्ट निव्वळ उच्चारशुद्धीसाठी नाही, व्याकरण याच्यावर उभं आहे. चांगला म्हणजे 'बोँ', चांगली म्हणजे 'बॉन'. तो येतो 'इल व्ह्यँ', ते येतात 'इल व्ह्येन'. एका रूपात नाक उघडं, दुसऱ्यात नाक बंद आणि न स्पष्ट. तुम्ही दोन्हीकडे न म्हणालात तर ऐकणाऱ्याला एक माणूस येतोय की चार, हे कळायला मार्गच उरत नाही.

ई, ए, ॲ आणि ओठ

जिन्यात बसवणारा स्वर हा. फ्रेंचमध्ये असे तीन स्वर आहेत आणि तिन्हींची युक्ती एकच. जीभ मराठी जागी ठेवायची आणि ओठ भलत्याच आकारात न्यायचे. 'ई' म्हणा, चालू ठेवा, जीभ तसूभरही हलवू नका, आणि आता फक्त ओठांचा शिट्टी वाजवतानासारखा चंबू करा. बाहेर जे येईल तो 'तू' या अर्थाच्या फ्रेंच शब्दातला स्वर. मी तो 'त्यू' असा लिहिते, पण त्यात य नाही. य ऐकू आला तर जीभ घसरली असं समजा. तेच 'ए' म्हणताना ओठ गोल केले की दोनमधला 'दऽ'. 'ॲ' म्हणताना केले की वाजतामधला 'अर'.

'दस्यू' म्हणजे वर आणि 'दसू' म्हणजे खाली. एखादी भाषा वर आणि खाली हे शब्द इतके सारखे कसे ठेवू शकते, हा प्रश्न मला वीस वेळा विचारला गेला आहे. उत्तर असं, की फ्रेंच कानाला ते सारखे वाटतच नाहीत. आपल्याला 'टाळ' आणि 'ताल' कुठे सारखे वाटतात?

व्यंजनांत आपलं नशीब बरं आहे. इंग्रज माणूस प, त, क म्हणताना त्यांत हवा सोडतो, फ्रेंच माणूस सोडत नाही आणि आपणही सोडत नाही. फ्रेंच त आणि द दातांवरचे, आपल्यासारखेच. ट आणि ड फ्रेंचमध्ये नाहीतच. ते आपण इंग्रजीतून पाठीवर घेऊन येतो आणि 'टाब्ल' म्हणतो. 'ताब्ल' म्हणा, झालं. र घशातून येतो. उर्दू गझल गाणारे 'ग़म'मधला ग़ घासतात ना, तो त्याचा शेजारी. पण यावर महिना घालवू नका. मराठी र कळतो सगळ्यांना. माझा स्वतःचा र दमल्यावर मराठीच होतो. बुर्गोन्यच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांचा र तर जिभेच्या टोकावरचाच असायचा.

स आणि झ मात्र चुकवू नका. 'प्वासोँ' म्हणजे मासा, 'प्वाझोँ' म्हणजे विष. 'इल सोँ' म्हणजे ते आहेत, 'इल झोँ' म्हणजे त्यांच्याकडे आहे. हे दुसरं जोडपं दिवसातून पन्नास वेळा येतं.

लिहिलेलं आणि बोललेलं

'इतकी अक्षरं लिहायची आणि म्हणायची नाहीत, हा काय प्रकार?' अशी तक्रार करणाऱ्याला मी 'करतो' लिहायला सांगते आणि मग वाचायला. तो 'कर्तो' वाचतो. मधला अ गेला कुठे? 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, जीभ आपसूक करते. फ्रेंचमधला मुका 'अ' तसाच गळतो. शनिवार लिहिताना मध्ये स्वर आहे, बोलताना 'सामदी'. तो गळल्यावर तीन व्यंजनं एकमेकांवर आदळणार असतील तर मात्र तो राहतो, म्हणून शुक्रवार 'व्हाँद्रदी', त्यातला द्र सुटा ठेवणारा अ जात नाही.

शब्दाच्या शेवटची व्यंजनं बहुतेक मुकी. आर, एल, एफ आणि सी ही चार अक्षरं बऱ्याचदा बोलतात, पण ई-आरने संपणाऱ्या क्रियापदांच्या मूळ रूपातला शेवटचा आर नाही. बोलणे म्हणजे 'पार्ले'. सगळ्यात जास्त चुका होतात ते क्रियापदाच्या अनेकवचनाला लागणाऱ्या ई-एन-टी या शेपटीत. ती अजिबात बोलायची नाही. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात, या चारही ठिकाणी कानाला एकच, 'पार्ल'. लिहिताना तीन वेगळी स्पेलिंगं. म्हणूनच फ्रेंच माणूस 'ज', 'त्यू', 'इल' कधी गाळत नाही. आपण नुसतं 'बोलतोस' म्हटलं तरी कोण ते कळतं, त्याच्या 'पार्ल'वरून काहीच कळत नाही. मराठी विद्यार्थी मराठीच्या सवयीने कर्ता गाळतात, तेवढं जपा.

हे मुके शेवट पुढे स्वर आला की जागे होतात. 'ले' आणि 'आमी' मिळून 'लेझामी', म्हणजे मित्र, अनेकवचनी. एस आणि एक्स जागे होतात ते झ होऊन, डी जागा होतो तो त होऊन: 'ग्राँ' आणि 'ओम' मिळून 'ग्राँतोम'. नऊमधला फ 'वर्षं' आणि 'वाजता' या शब्दांआधी व्ह होतो: 'नव्हाँ', 'नव्हर'. 'आणि' या अर्थाच्या 'ए'मधला शेवटचा टी मात्र कधीच जागा होत नाही, पुढे कोणीही येवो.

आणि मग एच. तो कधीच ऐकू येत नाही, पण त्याच्या दोन जाती आहेत. एक असून नसल्यासारखा, त्याच्यावरून जोड खुशाल जाते. दुसरा आवाज करत नाही पण दार अडवून बसतो. नायक या शब्दाचा एच दुसऱ्या जातीचा, म्हणून 'ले एरो', मध्ये झ नाही. तिथे झ घातलात तर 'ले झेरो' होतं, म्हणजे शून्यं. देशाच्या वीरांना मानवंदना देताना त्यांना शून्यं म्हणून चालायचं नाही. गंमत म्हणजे नायिकेचा एच पहिल्या जातीचा आहे, तिथे बिनधास्त 'लेझेरोइन'. याला नियम नाही. शब्दकोशात अशा अडवणाऱ्या एचआधी तारा किंवा तसलीच एखादी खूण असते, ती बघून घ्यायची.

'ने'ची परीक्षा

आता माझा सगळ्यात लाडका भाग. भूतकाळ सांगताना फ्रेंचमध्ये मदतीला दोन क्रियापदं असतात. एक 'आव्ह्वार', म्हणजे जवळ असणे. दुसरं 'एत्र', म्हणजे असणे. कोणत्या क्रियापदाला कोणतं लावायचं, याची पंधरा-सोळा शब्दांची यादी सगळ्या वर्गांत घोकून घेतात. तिचं चित्र काढतात, घर काढतात, त्याला जिना काढतात. मीही पाठ केली होती आणि दर परीक्षेच्या आधी विसरत होते.

एका संध्याकाळी फळ्यावर यादीचं मराठी करून लिहीत होते. गेली, आली, पोचली, निघाली, शिरली, चढली, उतरली, पडली, राहिली, परतली, जन्मली, वारली. लिहून मागे सरले आणि दिसलं, की एकाही शब्दाला 'तिने' लागत नाही. ती गेली. ती आली. ती पडली. आणि 'आव्ह्वार'कडचे घ्या: तिने खाल्लं, तिने पाहिलं, तिने लिहिलं, तिने विकत घेतलं. मग मी तशीच यादीतली लबाड क्रियापदं तपासली, जी दोन्हीकडे जातात. 'सोर्तीर' म्हणजे बाहेर पडणे. ती बाहेर पडली: 'एले सोर्ती', एत्र. पण त्याच क्रियापदाने तिने किल्ल्या बाहेर काढल्या असं म्हणायचं असेल तर 'एला सोर्ती ले क्ले', आव्ह्वार. फ्रेंचने मदतनीस बदलला त्याच क्षणी मराठीत 'ने' आला! ती वर चढली, एत्र. तिने बॅग वर नेली, आव्ह्वार. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा फरक पाठ करावा लागतो. आपल्याला तो बोलता यायला लागल्यापासून येतो.

परीक्षा नेहमी 'तो' किंवा 'ती' घेऊन करा, कारण 'मी' आणि 'तू'ला मराठीत ने लागतच नाही. ती कुठे फसते तेही सांगते, नाहीतर पेपरात मला शिव्या द्याल. ने आला की आव्ह्वार, हे जवळजवळ पक्कं. जवळजवळ अशासाठी, की स्वतःवरच होणाऱ्या क्रिया, म्हणजे अंघोळ करणे, कपडे घालणे वगैरे, यांना फ्रेंचमध्ये नेहमी एत्र, मराठीत 'तिने अंघोळ केली' असलं तरी. उलट बाजू जास्त सैल आहे. ती झोपली, हसली, धावली, नाचली, यांतही ने नाही, पण तिथे आव्ह्वार. मराठीची स्वतःची नाठाळ क्रियापदंही आहेत, शिकली, विसरली, म्हणाली, जेवली, तिथेही आव्ह्वार. तेव्हा ने नसेल तर पुढचा प्रश्न विचारा: माणूस इथला तिथे गेला का, किंवा एका अवस्थेतून दुसरीत गेला का? धावली म्हणजे कशी गेली ते कळतं, कुठे पोचली ते नाही. पोचली, निघाली, जन्मली, वारली, यांत काहीतरी बदलून गेलं. एत्र तिथे. 'राहिली' तेवढी या प्रश्नाला अपवाद, तिथे काही बदलत नाही तरी एत्रच.

याच दोरीला धरून पुढची गाठही सुटते. एत्र असलं की क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं: तो वारला 'मोर', ती वारली 'मोर्त'. अगदी गेला-गेलीसारखं. आव्ह्वार असलं की कर्त्याकडे बघायचंच नाही, कर्माकडे बघायचं. इंग्रज विद्यार्थी इथे डोकं धरून बसतो. आपण? 'त्याने पत्र लिहिलं, त्याने चिठ्ठी लिहिली, त्याने चिठ्ठ्या लिहिल्या.' लिहिणारा तोच, क्रियापद मात्र चिठ्ठीच्या मागे फिरतं. फ्रेंचने यात एकच अट घातली: कर्म क्रियापदाच्या आधी येऊन बसलेलं असलं तरच जुळवायचं. तिने चिठ्ठी लिहिली, 'एला एक्री ला लेत्र', काही बदल नाही, चिठ्ठी नंतर आली. पण तिने लिहिलेली चिठ्ठी, 'ला लेत्र केला एक्रीत', शेवटचा त कानाला ऐकू येतो, कारण चिठ्ठी आधीच हजर आहे. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनचा दाखला देत हा नियम चक्क पद्यात सांगितला होता. फ्रेंच शाळकरी मुलं त्याला अजून माफ करत नाहीत.

यावं आणि येईल

'स्यूब्जोँक्तीफ' हा शब्द ऐकून लोक वर्ग सोडतात. त्यांना मी दोन वाक्यं म्हणायला लावते. 'तो येईल असं मला वाटतं.' 'त्याने यावं असं मला वाटतं.' दोन्हीकडे 'वाटतं', पण पहिल्यात अंदाज आहे, दुसऱ्यात इच्छा. फ्रेंचमध्ये पहिल्याला साधा भविष्यकाळ, 'इल व्ह्यँद्रा'. दुसऱ्याला स्यूब्जोँक्तीफ, 'इल व्ह्येन'. तुमच्या मराठी वाक्यात '-वं' आलं, विध्यर्थ आला, की फ्रेंचमध्ये बहुधा तोच दरवाजा. तू यावंस, तिने जावं, हे व्हायला हवं.

आशेचं उदाहरण तर हवं तसं जुळतं. आशा करणे ही इच्छाच, मग तिथेही स्यूब्जोँक्तीफ असेल असं वाटतं, आणि सगळे तिथे चुकतात. फ्रेंचमध्ये 'एस्पेरे'पुढे साधा भविष्यकाळ येतो. आणि आपण काय म्हणतो? 'तो येईल अशी आशा आहे.'

'जरी'पुढे मात्र मराठीचा हात सोडा. 'जरी तो आजारी असला तरी' यात वं नाही, फ्रेंचमध्ये 'ब्यँ क'नंतर स्यूब्जोँक्तीफ हवाच.

भूतकाळाच्या दुसऱ्या रूपाचंही असंच. इंग्रजीत 'गेलो' आणि 'जायचो' बऱ्याचदा एकाच रूपात कोंबतात, त्यामुळे इंग्रजीतून शिकवताना तासन्‌तास जातात. तुम्ही एवढंच बघा: 'जायचो' किंवा 'जात होतो' म्हणाल तिथे अँपार्फे, 'गेलो' म्हणाल तिथे आत्ता पाहिलेला पासे कोँपोझे. 'मला माहीत होतं' हे 'ज साव्हे'. 'मला कळलं' हे 'जे स्यू'. क्रियापद एकच, काळ बदलला की माहीत असण्याचं कळणं होतं.

किरकोळ, पण रोजचं

त्याचं आणि तिचं यांचा गोंधळ असा सोडवा. मराठीत 'त्याचा' आणि 'तिची' या शब्दांत दोन माहित्या असतात: पुढे मालक, मागे वस्तू. फ्रेंचने पुढचा भाग कापून टाकला, उरला फक्त चा आणि ची. 'सोँ' म्हणजे चा, 'सा' म्हणजे ची. मालक बाई की बुवा, ते मागच्या-पुढच्या वाक्यावरून. फक्त स्त्रीलिंगी शब्द स्वराने सुरू होत असेल तर तिथेही 'सोँ', दोन स्वर आपटू नयेत म्हणून.

'ओँ' या छोट्या शब्दाला मी सरळ 'आपण' म्हणते, आणि बोलण्यात तो 'आम्ही'चंही काम करतो. क्रियापद एकवचनी. 'म्हणतात' असं मोघम म्हणायचं असेल तरी तोच. तुझी आठवण येते, हे फ्रेंचमध्ये 'त्यू म माँक', शब्दशः 'तू मला उणा आहेस'. इंग्रजीतून आलेला माणूस हे दर वेळी उलटं करतो आणि समोरच्याला सांगतो, की तुला माझी आठवण येते. आपण 'तू मला आवडतोस'च्या साच्यात टाकावं, कर्ता आपोआप जागेवर बसतो.

लिंगाबद्दल रडू नये. आपल्याकडे तीन आहेत. 'ते' गेलं, तो आणि ती उरले, एवढं समजा. पण मराठीवरून अंदाज बांधू नका. चंद्र फ्रेंचमध्ये ती, समुद्र ती, पुस्तक तो. शब्द कधीही एकटा पाठ करू नका, आणि 'ल, ला'सकट नव्हे तर 'अँ, यून'सकट करा, कारण पुढे स्वर आला की ल आणि ला दोघांचाही नुसता ल् उरतो आणि लिंग झाकलं जातं. खुद्द फ्रेंच लोकांचीही खात्री नसते कधी कधी. २०२०मध्ये सगळे 'ल कोव्हिद' म्हणत असताना फ्रेंच अकादमीने मे महिन्यात सांगितलं, की हा शब्द स्त्रीलिंगी आहे. लोक अजून दोन्ही म्हणतात.

'प्ल्यू' आणि 'प्ल्यूस' लिहायला एकच. एस म्हटला तर 'जास्त', गिळला तर 'आता नको, संपलं'. जेवताना कुणी वाढायला आलं की हा एस आठवा.

आणि आकडे. साठपर्यंत ठीक, मग सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस', नव्वद म्हणजे 'चार-वीस-दहा'. वस्तू कोडीने मोजणाऱ्याला चार कोड्या म्हणजे ऐंशी हे सांगावं लागत नाही. वीसच्या पटीत मोजायची पद्धत फ्रान्समध्ये पूर्वी आणखी पसरलेली होती: पॅरिसमध्ये तेराव्या शतकात नवव्या लुईने तीनशे अंधांसाठी काढलेल्या रुग्णालयाचं नाव आजही 'कँझ-व्हँ' आहे, पंधरा-वीस. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला सरळ 'सेप्ताँत' आणि नव्वदला 'नोनाँत' म्हणतात, आणि ऐंशीला 'युइताँत' म्हणणारे काही स्विस परगणेही आहेत.

खरी कसोटी फोन नंबर घेताना. फ्रेंच नंबर दहा आकडी आणि तो दोन-दोनच्या जोड्यांत सांगतात. तुम्हाला 'स्वासाँत' ऐकू येतं, तुम्ही घाईने ६ लिहिता, आणि मागून 'कातोर्झ' येतं, म्हणजे ते ७४ होतं. खोडता खोडता पुढची जोडी निघून जाते. 'कात्र'ला ४ लिहिलात आणि मागून 'व्हँ दूझ' आलं की ९२. यावर उपाय एकच: जोडी पूर्ण कानावर पडेपर्यंत पेन कागदाला टेकवायचं नाही. तरीही चुकलंच तर नंबर एकेक आकडा करून सांगायची विनंती करा. ते तसं सांगतील, पण तिसऱ्या आकड्यापासून पुन्हा जोड्यांवर येतील.